घरचं लिमोनचेल्लो कडू का झालं? लिंबू चुकलं की कृती?

सायंतारा
गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं इटलीला गेलो होतो. सोरेंतोला एका छोट्या खाणावळीत जेवण झाल्यावर मालकीणबाईंनी न मागता दोन इवलेसे पेले आणून ठेवले. पेल्यांवर बाहेरून बर्फ जमलेलं आणि आत पिवळंधमक, किंचित दुधाळ लिमोनचेल्लो, म्हणजे लिंबाच्या सालीचं गोड मद्य. एरवी मी दारूच्या वाटेला फारशी जात नाही, पण तो घोट अजून जिभेवर आहे. आंबट अजिबात नाही. आधी लिंबाच्या सालीचा वास, मग गोडवा आणि शेवटी घशात उतरणारी ऊब.

पुण्याला परत आल्यावर घरी करायचं ठरवलं. ७५० मिली व्होडका (बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलंय) आणि मंडईतली १२ कागदी लिंबं आणली. चाकूने सालं काढून बरणीत घातली, वर व्होडका ओतली. महिनाभर रोज बरणी हलवली. तिसाव्या दिवशी गाळलं, सालं फडक्यात घालून अगदी घट्ट पिळली, अर्क वाया जाऊ नये म्हणून. पाव किलो साखर अर्धा लिटर पाण्यात विरघळवून, गार करून मिसळली.

कडूजहर झालंय. पहिल्या क्षणी लिंबू लागतं आणि मग कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड होतं. रंगही फिका, आणि तो दुधाळपणा तर नाहीच. फ्रीझरमध्ये ठेवलं तर बर्फाचा चुरा झाला.

काय चुकलं? आणि हे एवढं सगळं वाचवता येईल का? फेकायचं जिवावर आलंय.

पिठलंभाकरी
पहिला परिच्छेद वाचूनच गार वाटलं. सोरेंतोचे फोटो टाका आधी.

खलबत्ता
साल चाकूने काढली तिथेच गणित बिघडलं. सालीखालचा पांढरा भाग बरणीत गेला. लिंबाचं लोणचं मुरेपर्यंत कडू लागतं ना, तेच इथे झालंय, फक्त मुरायला मीठ नाही. सोलाणं वापरा, हलक्या हाताने. नुसती पिवळी साल यायला हवी.

रानजाई
खलबत्ता, पण कागदी लिंबाची साल सोलाण्याने निघते का हो? नावातच कागद आहे. मी एकदा केकसाठी प्रयत्न केला, सालीबरोबर रसाच्या फोडी हातात आल्या.

नापोलीकर
सायंतारा, मी मूळचा सांगलीचा. नोकरीनिमित्त गेली बारा वर्षं नापोलीजवळ (नेपल्सजवळ) राहतो. शेजारच्या आजीबाई दर वर्षी घरी करतात आणि मी त्यांच्या हाताखाली सालं सोलायला बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ते लिंबू आणि आपलं लिंबू ही दोन वेगळी फळं आहेत. आपलं कागदी लिंबू म्हणजे इंग्रजीतलं लाइम. छोटं, पातळ सालीचं, रसाला खरं. इथलं लिमोने म्हणजे लेमन. सोरेंतोचं लिंबू अंडाकृती. अमाल्फीच्या किनाऱ्यावरचं दोन्हीकडे निमुळतं होत जातं, त्याला स्फुझातो म्हणतात. साल जाड आणि तेलाने भरलेली. नख लावलं तरी बोटं दिवसभर वास देतात. दोन्हींना युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, सोरेंतोला २००० साली मिळालं आणि अमाल्फीला २००१ साली.

अमाल्फीच्या बागा बघण्यासारख्या आहेत. समुद्रावरून सरळ वर चढत गेलेल्या डोंगराला दगडी बांध घालून पायऱ्या केल्यात, आणि त्यांवर चेस्टनटच्या लाकडाचे मांडव. झाडं मांडवावर चढवलेली. शेतकरी त्या दांड्यांवरून तोल सांभाळत फिरतात, म्हणून त्यांना तिकडे 'उडणारे शेतकरी' म्हणतात. पूर्वी लिंबांच्या टोपल्या खांद्यावर घेऊन बायका त्या पायऱ्या उतरायच्या. त्यांना 'फोर्मिकेल्ले' म्हणायचे, म्हणजे छोट्या मुंग्या. बाटलीकडे बघताना मला तर नेहमी त्या बायका आठवतात.

आता आजीबाईंची पद्धत. झाडावरून त्याच दिवशी उतरवलेली १० लिंबं. कोमट पाण्यात घासून धुवायची, पुसून पूर्ण कोरडी करायची. सोलाण्याने वरपासून खालपर्यंत लांब पट्ट्या काढायच्या. प्रत्येक पट्टी आजीबाई खिडकीकडे धरून बघतात. मागच्या बाजूला पांढरं दिसलं तर चाकू आडवा धरून खरवडतात. पहिल्या वर्षी माझ्या अर्ध्या पट्ट्या परत आल्या होत्या. उन्हाच्या तिरिपेत साल वाकवली की तेलाचा बारीक फवारा उडताना दिसतो. त्या म्हणतात, हेच आपल्याला बाटलीत घालायचंय, बाकी सगळं साखर-पाणी.

इथे दुकानात ९५ टक्क्यांचं खाण्यायोग्य अल्कोहोल सरळ किराणा सामानाबरोबर मिळतं. ते एक लिटर. सालं त्यात आठवडाभर, काळोख्या कपाटात. मग सव्वा लिटर पाण्यात ७०० ग्रॅम साखर विरघळवून, पूर्ण गार करून मिसळायची. पुन्हा दोन-तीन आठवडे मुरवत ठेवायचं. मग फ्रीझर.

सायंतारा
नापोलीकर, किती सुंदर लिहिलंत! मी खिडकीजवळ जाऊन एक साल वाकवून बघितली. फवारा दिसला, अगदी धुक्याच्या रेघेसारखा. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

गिरणाकाठ
आठवडाभर? मी तर ४० दिवस वाचलंय, आणि ४० दिवसच ठेवते. गेली तीन वर्षं करतेय, एकदाही कडू झालं नाही. लोणचं असो की मद्य, मुरायला वेळ द्यावाच लागतो.

रसायन
गिरणाकाठ, तुमचं आणि नापोलीकरांचं दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण तुमची दारू वेगळी आहे. तुम्ही व्होडकात करता ना?

सालीच्या पिवळ्या भागात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्या तेलात सगळ्यात जास्त असतं लिमोनीन. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये झटकन विरघळतं. ९५ टक्के अल्कोहोल म्हणजे पाणी जवळजवळ नाहीच. तेल चार-सहा दिवसांत बाहेर येतं आणि सालं फिकी पडून पापडासारखी कडक होतात. वाकवली की तुटली पाहिजेत. तुटली तर काढून टाका, आता त्यात काही उरलेलं नाही. व्होडकात निम्म्याहून जास्त पाणी असतं. तिथे तेल हळूहळू सुटतं, कमी सुटतं, म्हणून तीन-चार आठवडे लागतात. उलट पांढऱ्या भागातली कडू द्रव्यं त्या वेळात आरामात उतरतात. सायंतारा यांच्या बरणीत हेच झालं: तेल थोडं, कडवटपणा पुरेपूर. वर सालं पिळली, म्हणजे उरलासुरला कडूपणाही काढून घेतला. सालं कधीही पिळू नयेत. निथळू द्यावीत.

दुधाळपणाचंही कारण हेच. जास्त अल्कोहोलमध्ये विरघळलेलं तेल साखरपाणी घातल्यावर विरघळलेलं राहू शकत नाही. त्याचे अतिसूक्ष्म थेंब होऊन तरंगतात, प्रकाश विखुरतात आणि द्रव पांढुरका दिसतो. ग्रीसच्या उझो नावाच्या दारूमध्ये पाणी घातलं की होतं तेच. तुमच्यात तेलच कमी, मग ढग कुठून येणार?

बर्फाचंही सांगतो. ७५० मिलीला ४२.८ टक्के म्हणजे शुद्ध अल्कोहोल ३२१ मिली. पाणी ५०० मिली. पाव किलो साखर विरघळल्यावर साधारण १५५ मिली जागा घेते. एकूण झालं १४०० मिली, म्हणजे जेमतेम २३ टक्के. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना ते गोठणारच. ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा, दाट होईल पण गोठणार नाही. नापोलीकरांच्या आजीबाईंचं प्रमाण याच पद्धतीने मोजलं तर ३५ टक्के येतं.

गिरणाकाठ
रसायन, समजलं. तरी मी ४० दिवस सोडणार नाही. एकदा दहा दिवसांचं आणि चाळीस दिवसांचं शेजारीशेजारी ठेवून घरच्यांना डोळे मिटून चाखवलं होतं. चौघांपैकी तिघांनी चाळीसवालं उचललं. सालं मात्र मी कागदासारखी पातळ काढते, त्यामुळे कडू होत नसावं.

रसायन
चौघांची चव हा माझ्यासाठीही पुरावाच. तुमच्या हाताला पांढरं येत नाही, तर चाळीस दिवसांनी काही बिघडत नाही.

दाणेदार
ते ९५ टक्केवालं आपल्याकडे कुठे मिळेल? औषधांच्या दुकानात स्पिरिट मिळतं ते चालेल का? एक मित्र म्हणाला, कापडातून दोनदा गाळलं की झालं.

रसायन
नाही. नाही. आणि पुन्हा एकदा नाही. दाणेदार, हे मित्रालाही आजच्या आज सांगा.

जखमेवर लावायचं स्पिरिट, स्टोव्हचं, पॉलिशचं, हातांचं सॅनिटायझर, यांपैकी काहीही पोटात घ्यायचं नसतं. औद्योगिक स्पिरिट कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी द्रव्यं मिसळतात. मिथेनॉल त्यातलंच एक. मिथेनॉलने आधी दृष्टी जाते, मग जीव. ते कापडातून, कोळशातून गाळून निघत नाही, उकळूनही खात्रीने निघत नाही, वासावरून कळतही नाही. भारतात विषारी दारूचे बळी वाचतो आपण, त्यात हेच असतं. आपल्याकडे किरकोळ दुकानात पिण्यायोग्य ९५ टक्के अल्कोहोल मिळत नाही. तेव्हा सीलबंद, कर भरलेली व्होडका, ती ४२.८ टक्क्यांची, आणि संयम.

घरी भट्टी लावून जोरदार करू असंही कोणाच्या मनात येऊ देऊ नका. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली तो गुन्हा आहे. व्होडका प्यायलासुद्धा वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो. विकायचा विचार तर सोडाच.

दाणेदार
बरं झालं विचारलं. मित्राला फोन केला. त्याच्याकडे बाटली आणून ठेवलेली होती, ती त्याने मोरीत ओतली. मनापासून धन्यवाद, रसायन.

पिठलंभाकरी
एका धाग्याने आज खरंच कोणाचं तरी भलं केलं.

मडगांवचो
देव बरें करूं सगळ्यांचं! गोव्याहून हजेरी. आमच्याकडे व्होडका कशाला, फेणी आहे. पण खरं सांगतो, काजू फेणीत लिंबाची साल घालून बघितली आणि पस्तावलो. फेणीचा स्वतःचा वास एवढा जबरदस्त की लिंबू शोधावं लागलं. काजू फेणीला २००९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालंय, तिला कोणाच्या मदतीची गरज नाही. नारळाची फेणी मात्र सौम्य असते. तिच्यात साल छान उतरली. आई म्हणाली, ख्रिसमसला कुसवाराच्या (नाताळच्या फराळाच्या) ताटाशेजारी ठेवूया.

उराक या काजूच्याच दारूत कोणी करू नका. ती पहिल्या धारेची, हलकी, एप्रिल-मेची मजा. तेल ओढायला तेवढी ताकद तिच्यात नसते आणि टिकतही नाही. ती लिंबाच्या फोडीबरोबर, मिरची चिरून, गार करून त्याच आठवड्यात संपवायची.

रानजाई
मडगांवचो, मिरची चिरून? पूर्ण पाकृ टाका, वेगळा धागा काढा.

वर्धाकाठची
आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे आम्ही धागा नुसता हुंगतोय. पण ते सालीच्या तेलाचं वाचलं आणि आजी आठवली. उन्हाळ्यात लिंबाचं सरबत करताना ती रस काढायच्या आधी अख्खं लिंबू साखरेच्या खड्यावर घासायची. खडा पिवळा व्हायचा. ती साखर वेगळ्या डब्यात ठेवायची, आणि पाहुणे आले की त्यातली एक चमचा प्रत्येक पेल्यात. आमचं सरबत आख्ख्या गल्लीत वेगळं लागायचं, त्याचं कारण मला आज कळलं.

रसायन
वर्धाकाठची, तुमच्या आजींना नमस्कार. साखर तेल शोषून घेते. युरोपात जुन्या काळापासून पंच नावाचं पेय करताना हेच करत. त्याला लॅटिनमध्ये 'ओलिओ सॅकरम' म्हणतात, म्हणजे तेल-साखर. सहा लिंबांची पिवळी साल, दीड वाटी साखर, रगडून झाकून एक दिवस ठेवा. तळाशी तेलाचा गडद पाक सुटतो. अल्कोहोलचा थेंबही नको.

वर्धाकाठची
आजी दोन बुकं शिकली होती. लॅटिन नाव ऐकून खूश झाली असती.

बे_एरियातला_बंडू
उशिरा आलो. आमच्या परसात मायर लेमनचं झाड आहे, हिवाळ्यात शंभरेक फळं लागतात. कॅलिफोर्नियात १९० प्रूफचं अल्कोहोल विकत नाहीत, म्हणून १०० प्रूफ व्होडका आणतो, म्हणजे ५० टक्के. मायर हे निखळ लेमन नाही, त्यात संत्र्याच्या कुळातलं रक्त आहे. फ्रँक मायर यांनी १९०८ साली चीनहून आणलं, म्हणून हे नाव. साल पातळ, वास फुलासारखा गोडसर. नुसत्या मायरचं केलं तेव्हा छान झालं, पण लिमोनचेल्लो वाटेना, मोसंबीची आठवण येत राहिली. आता निम्मी मायर, निम्मी युरेका जातीची लेमन घेतो.

दुकानातली लेमन घेत असाल तर एक सांगतो. चमकावी म्हणून त्यांच्यावर मेणाचा थर देतात. गरम पाण्यात बुडवून ब्रशने घासल्याशिवाय वापरू नका. माझ्या पहिल्या बाटलीत वर पांढरट कण तरंगत होते.

खलबत्ता
पुण्या-मुंबईत हल्ली मोठ्या दुकानांत परदेशी लेमन मिळतात. पण महाग. आणि मेण. सायंतारा, त्यापेक्षा आपल्याच मातीतलं काही बघा ना.

रंकाळा
महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते फळ. एवढं मोठं की एकाच फळात बरणी भरेल.

रसायन
रंकाळा, वास अप्रतिम असतो, पण महाळुंग म्हणजे जवळपास सगळा पांढरा भागच, आत नावाला गर. वरची साल अगदी पातळ खरवडून घेतली तर होईल. तिकडे ग्रीसमध्ये नाक्सोस बेटावर महाळुंगाच्याच जातीपासून 'कित्रोन' नावाचं गोड मद्य करतात, पण फळाचं नाही, पानांचं. आपल्याकडे महाळुंगाची पानं चुरगळून कोणी वास घेतलाय का?

रंकाळा
आमच्या मामाच्या परसात आहे झाड. रविवारी जातो आणि सांगतो.

नागपुरी_तडका
संत्र्याचं कोणी विचारलंच नाही! आमच्या संत्र्याची साल सैल असते, हातानेच निघते, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडला की साफ. व्होडकात पंधरा दिवस ठेवलं. रंग असा आला की दिवा लागल्यासारखी बाटली. इटलीत संत्र्याच्या मद्याला अरांचेल्लो म्हणतात असं वाचलं. आम्ही आपलं 'संत्रीचेल्लो' म्हणतो. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी येणारं फळ घ्या. मी दोन्ही बहारांची करून पाहिली, मला तेच आवडलं.

नापोलीकर
नागपुरी_तडका, हे नाव आजीबाईंना सांगितलं. त्या खळखळून हसल्या आणि दोनदा म्हणून बघितलं. नावाचा वाद तिथेही आहेच. उत्तरेला लिगुरियाच्या किनाऱ्यावर याच मद्याला लिमोनचिनो म्हणतात. काप्री म्हणतं आमचं, सोरेंतो म्हणतं आमचं, अमाल्फी म्हणतं आमचं. 'लिमोनचेल्लो' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं ते काप्रीच्या मास्सिमो कानाले यांनी, १९८८ साली. पण घरोघरी त्याआधीपासून होत होतं.

रानजाई
सायंतारा, मी चार दिवस विचार करून लिहितेय. आमच्या सावंतवाडीच्या घरी ईडलिंबाचं झाड आहे. मुठीपेक्षा मोठं फळ, जाड खरबरीत साल, लोणच्याला घालतो आम्ही. सोलाण्याने साल सोलली तर पट्टी अख्खी निघते, मी आत्ताच बघितलं. वास कागदी लिंबापेक्षा मऊ, पण भरपूर. तुम्हाला पाठवू का? गावाकडून पुण्याला येणारे बरेच आहेत, एक पिशवी सहज येईल.

सायंतारा
रानजाईताई, पाठवाच! आणि ते कडू झालेलं काय करू, कोणीतरी सांगा.

गिरणाकाठ
कडवटपणा काढता येत नाही, झाकता येतो. एक वाटी घट्ट दूध आणि थोडी साय घालून बघा. इटलीत दूध-सायीचं 'क्रेमा दी लिमोनचेल्लो' करतातच. रस नसल्यामुळे दूध फाटत नाही. पण फ्रीजमध्येच ठेवायचं आणि लवकर संपवायचं.

बे_एरियातला_बंडू
मी माझं फसलेलं केकच्या पाकात वापरलं. तिथे थोडा कडवटपणा चांगलाच लागतो.

सायंतारा
दीड महिन्याने येतेय. मोठं लिहिते, सगळ्यांचे सल्ले वापरलेत.

रानजाईताईंची पिशवी आली, सात ईडलिंबं. पिशवी उघडली तेव्हा स्वयंपाकघर भरून गेलं. सोलाण्याने पट्ट्या काढल्या आणि प्रत्येक पट्टी खिडकीशी धरून पाहिली. सात लिंबांना मला एक तास दहा मिनिटं लागली. नवरा म्हणाला, तू साडीचा काठ निवडत असल्यासारखी बघतेयस. सोललेली लिंबं लगेच सुकायला लागतात म्हणून त्याच दिवशी रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये ओतला.

७५० मिली व्होडका. बरणी धान्याच्या कपाटात, अंधारात. रोज बघायचे. दहाव्या दिवशी सालं पिवळी, चौदाव्या दिवशी फिकी, एकविसाव्या दिवशी जवळपास पांढरी. चिमट्याने एक बाहेर काढून वाकवली आणि ती पापडासारखी मोडली. तेव्हा खरंच हात थरथरला. गाळताना पिळलं नाही, पंच्याच्या फडक्यातून रात्रभर निथळू दिलं.

पाक नाही केला, २०० मिली पाण्यात २०० ग्रॅम साखर विरघळवून गार केली. रसायन यांच्या पद्धतीने मोजलं तर साधारण ३० टक्के येतं. आणि मग तो क्षण: साखरपाण्याची धार पडली तिथे द्रवात धुकं उठलं. सोरेंतोइतकं दुधाळ नाही, पण गढूळही नाही. पहाटे दरीत असतं तसं. मुलगी म्हणाली, आई, पुन्हा ओत.

दोन आठवडे मुरवलं. परवा चाखलं. कडू नाही. सोरेंतोच्या चवीसारखंही नाही. ते तिथलं होतं. याला ईडलिंबाच्या लोणच्याची बरणी उघडताना येतो ना, तो वास मागे राहतो. फ्रीझरमध्ये गोठलं नाही, मधासारखं दाट झालंय.

आधीच्या कडू बाटलीचं दूध-साय घालून केलं. गिरणाकाठ, बरंच झाकलं गेलं. सासूबाईंनी मात्र ओळखलं, म्हणाल्या, लिंबाची साल जास्त शिजलीय का गं?

खलबत्ता
सासूबाईंच्या जिभेला सलाम.

नापोलीकर
आजीबाईंना वाचून दाखवलं, इटालियनमध्ये सांगत सांगत. पट्टी खिडकीशी धरली हे ऐकून त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. ईडलिंबू कसं दिसतं ते त्यांना बघायचंय. फोटो टाका, फळाचाही आणि बाटलीचाही.

पिठलंभाकरी
फोटो तर मी पहिल्या दिवसापासून मागतोय!

रंकाळा
महाळुंगाच्या पानांचं सांगायचं राहिलं. चुरगळली, वास जबरदस्त आहे. मामांकडून दोन मुठी पानं आणलीत. रसायन, व्होडकात किती दिवस ठेवू?

रसायन
रंकाळा, पानांना फार दिवस नका देऊ, हिरवट चव उतरते. दोन दिवसांनी चाखा, मग रोज चाखत जा, आवडलं की लगेच पानं काढा. आणि इथे लिहा, मीही शिकेन.

वर्धाकाठची
सायंतारा, सात लिंबांचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये आहे ना? आजीसारखी सालीची साखर घालून सरबत करा. ते सरबत आम्हालाही चालतं.

सायंतारा
आज संध्याकाळीच करते. रानजाईताई, या झाडाचं रोप मिळेल का? गच्चीत मोठी कुंडी रिकामी आहे.

रानजाई
रोपापेक्षा गुटी बांधते (फांदीला झाडावरच मुळं फुटवायची), लवकर फळाला येतं आणि आईच्या झाडाचाच गुण उतरतो. आत्ता उन्हात नको. पाऊस लागला की पहिल्या आठवड्यात बांधीन, दोनेक महिन्यांत मुळं फुटतील. गणपतीला पुण्याला कोणी ना कोणी परत जाईलच, त्याच्या हाती पाठवते. कुंडीच्या तळाला भोक मोठं ठेवा, लिंबाला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही.